सुईसारखी वाफ येते कुठून?

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. आमचे आज्जा बेळगावच्या कॅम्पात एका साहेबांच्या बंगल्यावर माळीकाम करायचे. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी आज्जांना खेळण्यातलं वाफेचं इंजिन दिलं. वीतभर लांबीचा पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, बाजूला एक सिलिंडर आणि एक चाक. करणाऱ्याचं नाव घासून गेलं आहे. आज्जा गेल्यावर ते तीसेक वर्षं गोठ्याच्या माळ्यावर पडून होतं. यंदा काढलं, पुसलं, पाणी घालून पेटवलं. चाक फिरलं, पण बॉयलरच्या मागच्या झाकणाच्या कडेतून सुईसारखी वाफ यायला लागली. बाजारातल्या एका कारागिराकडून सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या शिसं-कथलाचा, डाग मारून घेतला. दोन वेळा चांगलं चाललं, मग डागाच्या शेजारीच बोटभर अंतरावर पुन्हा वाफ. परत डाग, परत तेच. आता तो म्हणतो, गॅसवर पितळेची काडी घालून झाळून टाकू, जन्माचं काम होईल. गणपतीच्या देखाव्यात इंजिन चालवायचा पोरांचा हट्ट आहे. काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आधी ते गॅसचं काम थांबवा. पत्र मिळाल्या दिवशीच हे कळवायला हवं होतं, पण अंक महिन्याने निघतो. एव्हाना झाळून घेतलं नसेल अशी आशा धरून लिहितो.

हे मी ऐकीव सांगत नाही. तिसऱ्या गेटापलीकडे उद्यमबागेत मी टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. पितळ, ब्रॉन्झ, बीड सगळं हाताखालून गेलं. तरीसुद्धा माझ्या भाच्याने असंच एक इंजिन आणलं तेव्हा मी ते बिनदिक्कत गॅसवाल्यापुढे ठेवलं. पितळेची काडी वितळायला 900 अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि बॉयलरचं पितळही थोड्याफार फरकाने तेवढ्यालाच वितळतं. त्यात पत्रा अर्धा-पाऊण मिलिमीटरचा. जोडात जुनं शिशाचं सोल्डर होतं, ते मी खरवडलं नव्हतं. तापलेलं शिसं आणि कथील पितळेत शिरलं, खड्डे पडले, पांढरा धूर निघाला. तो धूर जस्ताचा, छातीत गेला तर रात्री थंडी-ताप भरतो. बघता बघता झाकण आत बसलं. भाच्याच्या वडिलांची ती एवढीच आठवण घरात उरली होती. तो काही बोलला नाही, पण त्याचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणून तुम्हाला एवढ्या तळमळीने सांगतो आहे.

आता तुमच्या पत्राकडे येतो. दोन गोष्टी माझ्या मनात अडकल्या. एक, गळती जागा बदलते. दुसरी, इंजिन गोठ्याच्या माळ्यावर होतं.

डाग नीट बसला नसेल तर गळती त्याच जागी परत येते. इथे ती शेजारी सरकली आहे. म्हणजे डाग बहुधा नीट बसला होता आणि त्याच्या बाजूचं पितळच फाटत चाललं आहे. पितळ फाटायला गोठ्यासारखी दुसरी जागा नाही. शेणमुतातून अमोनिया सुटतो, खानापूरच्या पावसात चार महिने हवा ओली असते, आणि झाकणाची कड कारखान्यात ठोकून-दुमडून केलेली असल्यामुळे तिच्यात ताण दडून राहिलेला असतो. अमोनिया, ओल आणि ताण ही तीन एकत्र आली की पितळेला केसासारख्या भेगा जातात. नुसत्या अमोनियाने किंवा नुसत्या ताणाने हे होत नाही.

हा रोग जगाला कळला तोसुद्धा आपल्याच देशातल्या पावसाळ्यात. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असायची आणि पाऊस सरल्यावर बघावं तर काडतुसांच्या नळ्या तडकलेल्या. पागेतल्या मुताचा अमोनिया हे त्याचं खरं कारण 1921 साली तिकडच्या संशोधकांनी मांडलं. पावसाळ्याच्या मोसमात व्हायचं म्हणून इंग्रजीत त्या दुखण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव आहे. तुमच्या आज्जांचं इंजिन अशा तीस मोसमांतून गेलं आहे.

पण मी इथे बसून नाडी पाहतो आहे, ती चुकूही शकते. तुम्ही स्वतः खात्री करून घ्या. फाउंड्रीत कास्टिंगची गळती शोधायला आम्ही जी रीत वापरायचो ती घरी सहज जमते. बॉयलरला लावलेलं सगळं काढा : सेफ्टी व्हॉल्व्ह, शिटी, वाफेची नळी, सगळे वायसर. मागच्या झाकणावर बाहेरून चोपडलेलं नवं सोल्डर हलक्या आचेवर मऊ करून फडक्याने पुसून टाका, नाहीतर भेग त्याखाली लपून राहील. मग आतला क्षार काढा. अर्धा लिटर गरम पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून ते आत भरा. फसफस थांबली की ओता, परत भरा. संडास धुवायचं ॲसिड घालू नका, ते पितळेतलं जस्त खातं. आणि हे काम स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका. जोडात शिसं आहे.

बॉयलर वाळला की खडूची बारीक पूड पाण्यात कालवून मागच्या झाकणाला आणि त्याच्या कडेला बाहेरून पातळ हात द्या. पूड वाळू द्या. आत थोडं रॉकेल ओता, नसेल तर डिझेल, आणि ते झाकण खाली येईल असा बॉयलर उभा ठेवून अर्धा तास त्याच्याकडे फिरकू नका. रॉकेल पाण्यापेक्षा जास्त शिरकाव करतं. जिथे भेग असेल तिथे पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटेल. रेघ जोडाच्या रेषेवरूनच गोल जात असेल तर दोष डागाचा. रेघा जोडाला आडव्या, झाकणाच्या कडेवर चढलेल्या, फांद्या फुटल्यासारख्या असतील तर दोष पितळेचा. भिंग घेऊन बघा, आणि त्याच वेळी कानशीच्या टोकाने झाकण थोडं खरवडा. आतून गुलाबी-तांबूस, भुसभुशीत धातू निघाला तर जस्त निघून गेलेलं आहे. तसल्या पितळेला कुठलाच डाग धरत नाही. तपास झाला की साबणाच्या गरम पाण्याने रॉकेल पुरतं धुऊन काढा. वास येतोय तोवर बॉयलरजवळ ज्योत न्यायची नाही.

भेगा फक्त मागच्या झाकणात असतील तर इंजिन वाचतं. नळकांड्यालाच भेगा गेल्या असतील तर ते पेटवायचं नाही. सिलिंडर आणि चाक पुसून, तेल देऊन, आज्जांच्या फोटोशेजारी ठेवा. तसं बघायलाही ते सुंदर दिसेल.

दोष नुसत्या डागाचा निघाला तर काम सोपं आहे, ते पुढे येईलच. पण तुमचं प्रकरण झाकणाचं आहे असं धरून लिहितो. भेगेवर डाग मारत राहण्यात अर्थ नाही. डाग भेग बुजवतो, ताण काढत नाही. दर वेळी बॉयलर तापतो, फुगतो, निवतो आणि भेगेचं टोक पुढे सरकतं. दोन गोळ्या मळून भेगेवर थापायचा लगदा, ज्याला लांबी म्हणतात, तो तर अजिबात नको, तो बॉयलरच्या उष्णतेत मऊ पडतो. नवीन झाकण करायचं, आणि ते तांब्याचं करायचं. तांब्याला अमोनियाचं हे दुखणं पितळेसारखं जडत नाही, आणि ते हाताने घडवता येतं.

आता सव्वा मिलिमीटर जाडीचा तांब्याचा तुकडा मिळवणं आलं. बेळगावच्या बोगारवेशीच्या नावातच हा धंदा आहे. कानडीत बोगार म्हणजे तांब्या-पितळेची भांडी करणारा, विकणारा. आज तिथे निराळीच दुकानं दिसतात, पण जुन्या तांब्याच्या बंबाचा किंवा पातेल्याचा तळ भंगारात मिळाला तरी चालतो. एखाद्या सुताराकडून शिसवीचा किंवा बाभळीचा गोल ठोकळा कातून घ्या. त्याचा व्यास बॉयलरच्या आतल्या व्यासापेक्षा तांब्याच्या दोन जाड्यांनी कमी हवा. ठोकळ्याची कड किंचित गोल करा. तांब्याची चकती ठोकळ्यापेक्षा सगळीकडून आठ मिलिमीटर मोठी कापा. ती लालसर होईपर्यंत तापवा आणि पाण्यात सोडा. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं उलट मऊ होतं. मग लाकडी हातोडीने कड हळूहळू खाली वळवा. घाई केली तर कडेला चुण्या पडतात. ठोकता ठोकता आवाज बदलतो. सुरुवातीला थपथप बोलणारं तांबं टणटण वाजायला लागलं की ते कडक झालं, थांबायचं, पुन्हा तापवून मऊ करायचं. तीन-चार खेपांत डबीच्या झाकणासारखा घाट येतो. जमलं नाही तर कुठल्याही तांबटाला ठोकळा आणि चकती द्या, त्याचा तो हातचा मळ आहे. पण मला वाटतं तुम्ही स्वतः एकदा करून बघावं. पहिली चकती वाया गेली तर दुसरी कापा.

जुनं झाकण काढताना त्याला जपायचं कारण नाही, ते टाकायचंच आहे. कड बाहेरून दुमडलेली असेल तर आधी कानशीने घासून मोकळी करा. मधोमध भोक पाडून त्यात एक स्क्रू पिळा. पुढच्या झाकणाला ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर तेही सुटून हातात येईल. छोट्या ब्लो-टॉर्चने मागची कड गोल फिरवत तापवा. साधं साठ-चाळीस सोल्डर (साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं) 183 अंशांना मऊ होऊ लागतं आणि 190 च्या सुमारास पाणी होतं, म्हणजे धातू लाल होण्याच्या कितीतरी आधी. ते चकाकलं की पक्कडीने स्क्रू ओढा. ते वितळत नसेल, जोड पिवळसर-पांढरा आणि खरवडायला कठीण असेल, तर तो चांदीचा डाग समजा. त्याला 600 अंशांच्या वर उष्णता लागते. तिथे हात थांबवा आणि मला परत लिहा, ते काम निराळं आहे.

नवीन झाकण आत सरकवताना सगळीकडे साध्या कागदाएवढी फट हवी. जास्त फट असली तर सोल्डर ओघळून जातं, अगदीच घट्ट असलं तर आत शिरत नाही. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा आणि मग त्यांना बोट लावू नका, बोटाचं तेलसुद्धा सोल्डरला चालत नाही. रेडिओवाल्यांची राळ इथे पुरी पडत नाही, जस्ताच्या क्षाराचं फ्लक्स लागतं. ते घेताना मात्र विचारून घ्या. बऱ्याच फ्लक्समध्ये नवसागर असतो आणि कल्हईवाला तर नवसागरावरच काम करतो. नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार. ज्या दुखण्यातून आपण बॉयलर बाहेर काढतो आहोत तेच पुन्हा त्याच्या अंगाला चोळायचं नाही. बिननवसागराचं मिळालंच नाही तर काम झाल्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने आतून-बाहेरून चार-पाच वेळा धुवा. मिळालं तरी धुवाच.

डाग देताना बॉयलरची सगळी भोकं उघडी ठेवा. एवढी साधी गोष्ट, पण इथे जाणतेही चुकतात. भोक बंद असलं की आतली हवा तापून फुगते आणि वितळलेल्या सोल्डरमधून बुडबुडा फोडून बाहेर पडते. तिथे टाचणीएवढं छिद्र राहतं, आणि आपण म्हणतो की सोल्डर हलकं होतं. ज्योत सोल्डरवर धरायची नाही. धातू तापवा आणि सोल्डरची तार ज्योतीच्या विरुद्ध बाजूला टेकवा. सोल्डर उष्णतेकडे धावतं, ते आपण होऊन कडेभर फिरेल.

आता ताकदीचं बोलू. बॉयलरचा व्यास 4 सेंटिमीटर धरा. झाकणाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर होतं. अशा खेळण्यांचा कामाचा दाब साधारण दीड बार असतो, जर्मनीच्या विलेस्को इंजिनांचा तेवढाच आहे. दीड बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ दीड किलो. म्हणजे वाफ त्या चिमुकल्या झाकणाला 19 किलोच्या जोराने बाहेर ढकलत असते. मऊ सोल्डर सतत ओढलं गेलं तर हळूहळू सरकतं. म्हणून सोल्डरने फक्त फट बुजवावी, जोर दुसऱ्याने घ्यावा. पाण्याच्या रेषेच्या वर, दोन्ही झाकणांतून आरपार 4 मिलिमीटरची फॉस्फर ब्रॉन्झची सळई घाला, दोन्ही टोकांना आटे आणि नट, नटाखाली सोल्डर. मग झाकणं एकमेकांना धरून राहतात. पुढच्या झाकणाला भोक पाडायचं जिवावर येईल, तरी पाडा. पाण्याची पातळी दाखवणारी काच तिथे असेल तर तिला चुकवून.

हे सगळं झाल्यावर लगेच दिवा पेटवायचा नाही. आधी पाण्याची चाचणी, तिची रीत याच अंकातल्या तिसऱ्या पत्राच्या उत्तरात आहे.

आणि गणपतीचं. देखाव्यात पेटतं इंजिन ठेवू नका. कापडी पडदे, कागदी फुलं, खाली बसलेली पोरं, आणि स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी डोळ्याला दिसतसुद्धा नाही. दिवा विझलाय समजून कोणी वरून स्पिरिट ओततो आणि बाटलीच पेटते. पोरांचा हट्ट पुरवायचा असेल तर बॉयलर बाजूला ठेवा आणि छोट्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरने अर्ध्या बारवर आणून थेट सिलिंडरच्या नळीत द्या. चाक तसंच फिरेल. वाफेवर चालवायचं ते अंगणात, मोठ्या माणसाच्या हाताखाली. आणि काम झाल्यावर इंजिन पुन्हा गोठ्याकडे नको. माजघरात कोरड्या जागी, बॉयलर रिकामा करून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे इंग्लंडच्या मॅमॉड कंपनीचं जुनं खेळण्यातलं वाफेचं इंजिन आहे. बॉयलर शाबूत आहे, पण सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुडातून सतत वाफ फुसफुसते आणि दाबच धरत नाही. एकाने सुचवलं की व्हॉल्व्ह काढून तिथे पितळी बोल्ट बसवा, तसाही तो कधी उडत नाही. बसवू का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. ज्याने सुचवलं त्याला हे उत्तर वाचायला द्या.

तुमच्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये साधारण 1 बार दाब असतो. खेळण्यातला बॉयलर त्याच्या थोडा वरच चालतो. कुकरची शिटी आणि सेफ्टी प्लग दोन्ही काढून तिथे बोल्ट पिळायला घरातली बाई तुम्हाला देईल का? हे तेच आहे. व्हॉल्व्ह कधी उडत नाही याचा अर्थ तो लागत नाही असा नाही. बहुधा तो क्षाराने चिकटला आहे, आणि तीच मोठी काळजी आहे. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवा. नंतर खालची दांडी बोटाने दाबून बघा, स्प्रिंगवर मऊ आत-बाहेर झाली पाहिजे. अडखळली तर व्हॉल्व्ह नवा घ्या, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

बुडातली फुसफुस वायसरची. जुना वायसर दगडासारखा झालेला असतो. फायबरचा किंवा टेफ्लॉनचा नवा बसवा आणि हाताने घट्ट करा, पाना लावू नका. मॅमॉडचे आटे पाव इंची, इंचाला 26 असे असतात. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानातला 6 मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे आत जातो आणि मग बॉयलरचे आटे कापतो. तसं एकदा झालं की ते पुन्हा करायला चांगलंच निस्तरावं लागतं.

प्रश्न : काका, मी दहावीत आहे. माझे बाबा साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहेत. हंगाम सुरू व्हायच्या आधी बॉयलरची हायड्रो टेस्ट असते तेव्हा तो पाण्याने काठोकाठ भरतात. बाबांना विचारलं, चालवायचा वाफेवर तर तपासायचा पाण्यावर का? ते म्हणाले, हवेने तपासला तर आपण घरी येणार नाही. पुढे ते कामावर गेले. म्हणजे काय? आणि लहान बॉयलरलाही असंच करतात का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : बाळ, तुझ्या बाबांनी एका वाक्यात सगळं सांगितलं आहे, मी फक्त ते उलगडतो.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धर आणि दांडा ढकल. हवा दबते, आणि सोडलं की दांडा परत येतो. दाबताना तू लावलेला जोर हवेने साठवून ठेवला होता. आता पंपात पाणी भरून तेच कर. दांडा हलणारच नाही. पाण्यावर 1 बार दाब वाढवला तर ते लाखातले साधारण 5 भाग आकसतं, एवढंच. म्हणून पाण्यात जोर जवळजवळ साठतच नाही. पाण्याने भरलेला बॉयलर चाचणीत फाटला तर चुळकाभर पाणी उडतं आणि काट्यावरचा दाब एकदम शून्यावर येतो. तोच हवेने भरलेला असेल तर साठलेला सगळा जोर एका क्षणात सुटतो आणि पत्र्याचे तुकडे होऊन उडतात. वाफेचं तर त्याहून वाईट. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला सतराशे लिटरच्या आसपास वाफ होते. आणि दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या वर तापूनही पाणीच राहिलेलं असतं, दीड बारला ते 127 अंशांवर असतं. बॉयलर फाटला की त्यातलं काही पाणी तिथल्या तिथे वाफ होतं.

लहान बॉयलरलाही असंच करतात. तुझ्या बाबांचा बॉयलर सरकारी निरीक्षक येऊन तपासतो. आपल्याकडच्या 1923 च्या बॉयलर कायद्यात 25 लिटरच्या आतल्या बॉयलरला सूट होती, मग अर्धा पेला पाण्याच्या खेळण्याला कोण विचारतो? म्हणून ते आपल्या घरीच तपासायचं असतं, आणि बाबांइतक्याच गांभीर्याने.

खानापूरच्या वाचकांनीही आता इथे लक्ष द्यावं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी त्याच आट्याचा अडॅप्टर बसवायचा, लेथवाल्याकडे तो तासाभरात कातून मिळतो. त्याला नळकाम करणारे पाइपलाइन तपासायला वापरतात तो हातपंप जोडायचा, दाबाच्या काट्यासकट. पंपाचा काटा मोठ्या दाबाचा असेल तर 0 ते 6 बारचा छोटा काटा लावा, मोठ्या काट्यावर दोन-तीन बार वाचताच येत नाहीत. सिलिंडरकडे जाणारी नळी सोडून तिथे टोपण लावायचं, इंजिनाला हा दाब द्यायचा नाही. बॉयलर तिरपा-उभा करून, हलक्या टिचक्या मारून हवेचा शेवटचा बुडबुडा काढायचा. टिचकी मारल्यावर आवाज भरीव आला पाहिजे. मग पंप हळूहळू. आधी अर्धा बार, थांबून सगळे जोड कोरड्या टिश्यू पेपरने टिपायचे. पेपर ओला झाला तर तिथेच खूण करून दाब सोडायचा. कोरडा असला तर एक, दीड, आणि शेवटी कामाच्या दाबाच्या दुप्पट म्हणजे 3 बार. तिथे दहा मिनिटं काटा हलता कामा नये, आणि दाब उतरवल्यावर झाकणांवर पट्टी धरून बघायचं, फुगवटा राहिलेला नसावा.

पंप मिळत नसेल तर निदान गळती शोधायला एक घरगुती उपाय आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जवळजवळ 1 बार होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतल्या टाकीपासून पारदर्शक नळी खाली आणून बॉयलरला जोडली की 1 बार आपोआप मिळतो, आणि त्यात हवा नसल्यामुळे धोका नसतो. मात्र ही 3 बारच्या चाचणीची बरोबरी नाही. पेटवण्याआधी ती खरी चाचणी झालीच पाहिजे.

तुला एक काम देतो. बाबांच्या पुढच्या सुट्टीला त्यांना विचार, चाचणी चालू असताना दाब चढत असतो तेव्हा ते काट्याच्या समोर उभे राहतात की बाजूला, आणि का. उत्तर मला कळव, पुढच्या अंकात छापतो. अथणी-रायबागकडून बोअरच्या जड पाण्याबद्दल दोन पत्रं आली आहेत, त्यांचंही तेव्हाच बघू. तोवर त्या दोघांनी बॉयलरमध्ये बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं ॲसिड नव्हे) किंवा गाळलेलं पावसाचं पाणी घालावं, पाऊण भागापर्यंतच, आणि दिव्यात स्पिरिट इतकंच ठेवावं की पाण्याच्या आधी ते संपेल. कोरड्या बॉयलरखाली ज्योत राहिली तर डाग वितळायला दोन मिनिटंही लागत नाहीत.